चालकाच्या जागी

कापूरहोळच्या फाट्यावरून भोरकडं वळलं की डाव्या हाताला एक पत्र्याची शेड लागते. बाहेर टायरांची चळत, आत कॉम्प्रेसर, आणि कॉम्प्रेसरच्या मागं काचेचं कपाट. कपाटात बिस्किटाचे पुडे असतील असं कुणालाही वाटावं, पण त्यात रणगाडे आहेत. खेळण्यातले नव्हेत हां. पट्ट्याची कडी न् कडी वेगळी, तोफेच्या तोंडाशी धुराची काजळी, मडगार्डवर चिखल वाळून तडकलेला, आणि प्रत्येक गाडीवर बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं. हे सगळं करणारा सोमनाथ, उत्रोलीचा. बावीस वर्षं फौजेत चिलखती गाडी चालवून आला आणि आता फाट्यावर पंक्चर काढतो.

लोकांना याची मौज वाटायची. फौजेतून आलेला माणूस कसा, पारावर टेकला की चार लढाया सांगितल्याशिवाय उठत नाही. हा बाबा आपला तोंडात मूग धरून. ट्रकवाले कपाटापाशी थांबून किंमत विचारायचे, तर म्हणायचा, विकायचं नाही. मग करता कशाला, तर म्हणायचा, हात गप बसत नाहीत. त्याची बायको वर्षाराणी जिभेची तिखट. ती आल्यागेल्याला सांगायची की ह्यांना देवानं हात देताना तोंडाचा ऐवज पण त्यातच घातलाय.

तर मागच्या कार्तिकात, दिवाळी उरकल्यावर, एके सकाळी दुकानासमोर संपत येऊन उभा राहिला आणि सोमनाथच्या हातातला पाना खाली पडला.

संपत हा हैबतीचा धाकटा भाऊ. वेल्ह्याच्या वर, जिथं डांबर संपतं आणि मग पायवाटसुद्धा दमते, तिथल्या धनगरवाड्यातला. आठ-दहा घरं, म्हशी, गाया, शेळ्या, बास. आणि हैबती म्हणजे सोमनाथचा फौजेतला जोडीदार. एकाच गाडीवर पाच वर्षं काढली दोघांनी, एका ताटात जेवले. अकरा वर्षांपूर्वी त्याच गाडीत हैबती गेला. त्याची ट्रंक घेऊन सोमनाथच वर गेला होता. दहाव्याचा दिवस होता. हैबतीची आई कोंडाबाई दारात बसलेली. तिनं एवढंच विचारलं की गाडी कोण चालवत होतं. सोमनाथ म्हणाला, मी. तशी ती म्हणाली, "मग तू कसा आलास?" आणि उठून आत गेली. त्यानंतर सोमनाथनं त्या डोंगराकडं तोंड केलं नाही. भोरच्या बाजारात एकदा ती लांबून दिसली, तर हा कोबीच्या गाड्यामागं जाऊन उभा राहिला, पन्नाशीकडं झुकलेला माणूस.

संपतनं फार घोळ घातला नाही. आईची नजर गेली म्हणाला. दोन्ही डोळे. डॉक्टर म्हणले काचबिंदू, लई उशीर केलात. हैबतीचा हार घातलेला फोटो भिंतीवर आहे, तो ती रोज खाली काढायला लावते आणि काचेवरून हात फिरवते. मग चिडते. म्हणते हे सगळं सपाट आहे, ह्यात पोरगं कुठं सापडतंय. संपतनं येताजाता सोमनाथचं कपाट पाहिलं होतं, म्हणून सहज बोलून गेला की अशा अशा गाड्या करतात, वर माणसं बी बसवतात. आठ दिवस म्हातारी काही बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, जा, त्याला सांग.

"काय सांगितलंय?" सोमनाथनं विचारलं.

"म्हनली, हैबतीची गाडी करून दे. जशी व्हती तशी. ज्यो जिथं बसला व्हता, त्येला तिथंच बसव म्हनावं. शोभंचं काय बी नगं."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि सोमनाथ म्हणून गेला, करतो.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. त्या दिवशी गाडी सोमनाथ चालवत नव्हता. हैबती चालवत होता.

हैबती गाडीवरचा गनर. त्याची जागा वर, बुरुजात, तोफेपाशी. पण त्याचा सगळा जीव त्या चालकाच्या खड्ड्यात. गाडी चौदा टनाची, हँडल मोटारसायकलसारखं, आणि खाली बसलेल्या माणसाचं नुसतं डोकं बाहेर. हैबती मागंच लागायचा, मला एकदा दे. सोमनाथनं वर्षभर टोलवलं आणि मग एक दिवस दिली. सरावाच्या मैदानात, कुणी नसताना, चोरून. असं करता करता सहा महिन्यांत पोरगं तयार झालं. परवाना नाही, कागदावर नाव नाही, पण तयार झालं. त्या दिवशी सराव संपवून परत येताना हैबती म्हणाला, कालव्यापर्यंत मी आणतो. गाडीवरचे हवालदारसाहेब दमलेले होते, त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. कालव्याच्या कडेचा भराव आतून पोखरलेला होता, हे कुणाच्या बापाला माहीत नव्हतं. डावा पट्टा खाली गेला आणि गाडी तोंडावर पाण्यात. वरचे दोघं फेकले गेले. पुढं बसलेला हैबती खालीच राहिला.

मागच्या गाड्या येईपर्यंत सोमनाथनं त्याला ओढून काठावर घेतला होता. साहेब लोकांनी विचारलं, कोण चालवत होतं. सोमनाथ म्हणाला, मी. हवालदारानं मान खाली घालून होकार भरला. नाहीतर हैबती मेल्यावर गुन्हेगार ठरला असता, बिनपरवान्याचा माणूस म्हणून त्याच्या नावावर शेरा बसला असता आणि म्हातारीच्या हक्काची पेन्शनही अडकली असती. सोमनाथनं शिक्षा घेतली, बढती हुकली, नायकाचा हवालदार काही झाला नाही, नायक म्हणूनच घरी आला. हे त्यानं जोडीदारासाठी केलं. पण खरं बोलायचं तर थोडं स्वतःसाठीही केलं. हैबतीनं चालवली म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की त्याला शिकवली कुणी. ह्यात मैत्री किती आणि भीती किती, हे सोमनाथनं कधी निवडून पाहिलं नाही. तेवढा धीर नव्हता.

तर असा हा माणूस, आणि म्हातारी म्हणते ज्याला त्याला जागच्या जागी बसव.

गाडीचा संच मोबाईलवरून मागवला. तो भोरपर्यंत आला आणि तिथं चार दिवस पडून राहिला, मग सोमनाथ जाऊन घेऊन आला. खोक्यात तीनशेच्या वर तुकडे, सगळे प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले, जशा शेंगा वेलाला. पहिलं काम म्हणजे ते धुणं. साच्यातून निघताना प्लास्टिकला तेल लागलेलं असतं, ते गेलं नाही तर रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. म्हणून परातीत साबणाचं पाणी करून सोमनाथ अंगणात बसला आणि जुन्या टूथब्रशानं एकेक चौकट घासायला लागला. वर्षाराणीनं दारातून पाहिलं आणि म्हणाली की लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ह्या हातांनी माझी एक वाटी विसळली नाही.

मग कापणं आलं. तुकडा चौकटीपासून तोडताना बारीक बोंड राहतं, ते गॅरेजच्या पॉलिश पेपरनं पाणी लावून घासायचं. सांध्यांत फटी राहिल्या तिथं पुटी, म्हणजे लांबी, भरायची, वाळू द्यायची, परत घासायचं. एरवी सोमनाथ ह्या गाड्या डोळ्यांसाठी करायचा. ही बोटांसाठी करायची होती, आणि म्हातारीची बोटं म्हणजे म्हशीची धार काढलेली. नाजूक काही टिकायचं नाही. म्हणून प्लास्टिकची एरियल टाकून दिली आणि क्लचवायरीची एक तार सरळ करून बसवली. तोफेची नळी पोकळ होती, तिच्यात खिळा घातला. पट्ट्याच्या कड्या सुट्या होत्या, त्या खालून पुटीनं पक्क्या केल्या. कडेच्या दांड्या, आकडे, पेट्या, जे जे बोटाला लागेल ते सगळं दोनदा चिकटवलं.

रंगासाठी दुकानातलाच कॉम्प्रेसर. त्याला मध्ये पाणी गाळायची बाटली लावलेली, कारण टायरच्या हवेत पाणी असतं आणि ते रंगात आलं की डाग पडतात. आधी करड्या रंगाचा पातळ हात, मग हिरवा, मग त्याच हिरव्यात थोडा पिवळा टाकून पत्र्यांच्या मधोमध, म्हणजे उन्हानं विटल्यासारखं दिसतं. ते वाळलं की काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सगळ्या खाचांत सोडायचा. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून कडांवरून नुसता फिरवायचा, की घासून घासून लोखंड उघडं पडल्यासारखं होतं. हे सगळं सोमनाथ असं मन लावून करत होता की गिऱ्हाईक हाका मारून जायचं.

वर्षाराणीनं विचारलंच. म्हातारी आंधळी आहे ना, मग हे ऊन आणि हा गंज कुणासाठी?

"मला दिसतं की," सोमनाथ म्हणाला.

तिला सगळं ठाऊक होतं. लग्नाच्या माणसापासून कुठवर चोरणार, एकदा तापात तो सगळं बोलून गेला होता. तेव्हापासून तिनं हा विषय काढला नव्हता, आणि वर्षाराणीनं एखादा विषय न काढणं म्हणजे केवढी गोष्ट, ते तिच्या शेजारणींना विचारा.

माणसं सगळ्यात शेवटी. संचात तीन होती, पण गोऱ्या देशातली, धारदार नाकाची, जबडे चौकोनी. सोमनाथनं नाकं घासली, गाल पुटीनं भरले. माणूस बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, बूच डाव्या हातात धरायचं आणि ब्रशाचे चार केस राखून बाकीचे कापायचे. आधी कातडीचा रंग, मग डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या कडेला, ओठाखाली सावली. डोळा म्हणजे नुसता एक ठिपका, आणि तो ठिपका केसभर चुकला की माणूस तिरळा होतो. हवालदारसाहेब एका दिवसात झाले. स्वतःला करायला त्याला अर्धा दिवस लागला. हैबती मात्र होईना. तीनदा रंग पुसून काढला. चौथ्यांदा त्याला आठवलं की पोराचे कान बाहेर आलेले होते, सुपासारखे, सगळी पलटण हसायची. मग त्याचं हेल्मेट कापून काढलं आणि पुटीचे दोन कण घेऊन सुईनं कान लावले. म्हातारीच्या बोटाला लागावेत म्हणून जरा मोठेच केले. कान लागले आणि बुचावर एकदम हैबती उभा राहिला. सोमनाथनं त्याला खिडकीत ठेवला आणि स्वतः बाहेर जाऊन उगाच एका चांगल्या टायरमध्ये हवा भरत बसला.

चिकटवण्याआधी माणसं नुसती ठेवून बघायची रीत असते. त्यानं पहिल्यांदा हैबतीला पुढं ठेवला, चालकाच्या खड्ड्यात. अगदी बरोबर बसला. कान दोन्ही बाजूंनी बाहेर. सोमनाथनं तो पुष्कळ वेळ पाहिला. मग उचलला आणि वर बुरुजात ठेवला, कमरेपर्यंत बाहेर, छाती काढून, गाडीवरच्या सगळ्यात उंच जागी. संचलनात साहेब उभे राहतात तसा. आईला पोरगं असंच आवडेल, उंचावर. पुढच्या खड्ड्यात त्यानं स्वतःला ठेवलं.

वर्षाराणी चहा घेऊन आली होती. कप तिच्या हातातच राहिला. ती म्हणाली, "म्हातारीनं तुमच्याकडं खरं मागितलंय, अन् तुमी तिला खोटं रंगवून देताय."

"खरं कळलं तर म्हणंल, पोराच्याच हातून गाडी गेली. एवढी वर्षं मला तरी शिव्या देत आली, आता कुणाला देईल?"

"ते तिचं ती बघंल. तुमाला कुणी नेमलंय तिच्या कपाळाचं राखण करायला?"

एरवी बायकोपुढं गप बसणारा सोमनाथ त्या दिवशी आवाज चढवून बोलला, नाही म्हणजे नाही. आणि डिंकाची कुपी घेतली. हा डिंक प्लास्टिक जरासं वितळवतो, मग दोन तुकडे एकजीव होतात, निघत नाहीत. त्यानं तिघांच्या बुडाला तो लावला, ज्याला त्याला बसवला आणि दिवसभर हात लावला नाही.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी तो निघाला. मोटारसायकलवर हादरे बसतील म्हणून एसटीनं. लाकडी पेटीत कापूस, कापसात गाडी, आणि पेटी मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, काय देव आहे का, तर हा नुसता हसला. वेल्ह्याला संपत उभा होता. पुढं माणसं भरून नेणारी वडापची जीप, आणि जीप थांबली की तासभर चढण. संपत दोनदा म्हणाला, द्या इकडं पेटी, पण सोमनाथनं दिली नाही. छातीत धाप लागली ती चढाची का कशाची, हे त्याचं त्यालाच कळेना. अकरा वर्षं सांभाळलेली गोष्ट अजून तासभर सांभाळायची, एवढंच मनाशी घोकत तो चढत होता.

वाड्यावर पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. समोरच्या घरची ठकुबाई शेणी थापत होती, तिनं पाहुणा न्याहाळला. ठकुबाईला कमी ऐकू येतं, त्यामुळं बघण्याचं काम ती दुप्पट करते. कोंडाबाई घोंगडीवर बसली होती. वाळली होती फार. सोमनाथनं पाया पडून नाव सांगितलं. तिनं नुसतं "बस" म्हटलं. पाणी आलं, दूध आलं. मग तिनं दोन्ही हात पुढं केले.

गाडी मांडीवर घेतली आणि ती हळूहळू चाचपायला लागली. हे काय, ते काय, विचारत गेली आणि सोमनाथ सांगत गेला. हा पट्टा. ही चाकं, आतल्या बाजूची. ही तोफेची नळी. तिनं नळी जरा ओढून पाहिली, खिळा होता म्हणून टिकली. मग तिचा हात वर गेला. पहिला माणूस लागला, तो सोमनाथनं सांगायच्या आत सोडला. दुसरा लागला आणि तिचं बोट कानावर थांबलं. एका कानावरून दुसऱ्या कानावर गेलं, परत आलं.

"ह्यो आमचा," ती म्हणाली.

संपत तोंड फिरवून भिंतीकडं बघायला लागला. सोमनाथला वाटलं, झालं, आता सुटलो. म्हातारीनं बराच वेळ ते दोन कान धरून ठेवले होते. मग तिचा दुसरा हात गाडीच्या तोंडाकडं गेला आणि तिथं खड्ड्यातलं डोकं त्याला लागलं.

"अन् ह्यो म्होरं कोन?"

"मी, मावशी."

तिनं हात काढून घेतला. चेहऱ्यावर समाधान यावं तसं आलं होतं, ते पार गेलं. सोमनाथला वाटलं आता ती जुनंच बोलणार, आणि त्याची तयारी होती. पण ती बोलली ते वेगळंच. त्यानं इतकी वर्षं जे धरलं होतं त्याच्या आसपाससुद्धा ते नव्हतं.

ती म्हणाली की आमच्यात श्रावण-भादव्यात धुकं उतरतं तेव्हा कड्याच्या वाटेनं जनावरं आणायची असतात. हाताला हात दिसत नाही. तेव्हा म्हातारी माणसं मध्ये, लेकरं मागं, आणि ज्याच्यावर भरवसा आहे तो सगळ्यांच्या पुढं, काठीनं वाट चाचपत. पाय चुकला तर पहिला तोच जायचा. हैबतीचा बाप लवकर गेला. हैबती नऊ वर्षांचा होता तेव्हापासून पुढं चालला. एक जनावर गमावलं नाही त्यानं.

"मानूस मरतंय, बाबा. कड्यावरनं बी मरतंय. त्येचं म्या गिळलं," ती म्हणाली. "पर माजं पोरगं कुनाच्या तरी मागं बसून गेलं. गठुडं बांधून ठेवल्यावानी. दुसऱ्याच्या हातानं. ह्येच मला अकरा वरीस गिळवना. तू मारलास म्हून नव्हं रं."

सोमनाथनं त्या पोराला सगळ्यात उंच जागी बसवलं होतं, आणि ह्या घरात ती जागा लेकराबाळांची होती. अकरा वर्षांपूर्वी काठावर बसून त्यानं जे जोडीदाराचं नाव राखलं म्हणून समजलं होतं, ते इथं वर पोचेपर्यंत नाव घालवणं झालं होतं. त्याला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला, दोन्ही एकदम.

"मावशी," तो म्हणाला, "गाडी हैबती चालवत व्हता."

मग त्यानं सगळं सांगितलं. मैदानात चोरून शिकवल्यापासून ते कालव्याच्या भरावापर्यंत, आणि काठावर साहेबांना काय म्हणाला तिथपर्यंत. स्वतःला कुठं वाचवलं नाही. आपण घाबरलो होतो हेही सांगितलं. संपत तटकन उभा राहिला. म्हणाला, म्हणजे तुमीच दिली त्याच्या हातात, तुमी दिली नसती तर आज भाऊ असता माझा. सोमनाथ म्हणाला, व्हय.

"संपत, खाली बस," कोंडाबाई म्हणाली. "त्येनं मागितली आसंल. मागितलेलं घेतल्याबिगर त्यो कवा ऱ्हायला?"

तिचा हात परत गाडीवर आला होता. खड्ड्याच्या कडेवरून बोट गोल गोल फिरत होतं. तोंडात ती काहीतरी पुटपुटत होती, देवाचं नाव असेल नाहीतर पोराचं. सोमनाथ वाट बघत होता, की आता काय ते म्हण आणि मोकळी हो. मारलंस तरी चालेल.

ती म्हणाली, "चांगली चालवायचा का रं?"

सोमनाथला आधी प्रश्नच कळला नाही. अकरा वर्षांत त्याला चौकशीच्या खोलीत, घरी, स्वप्नात, हजार गोष्टी विचारल्या गेल्या होत्या. हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं स्वतःला पण विचारलं नव्हतं.

"लई चांगली," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला दिसायलाच लागली. गिअर टाकताना झटका म्हणून नाही. आमी नवीन होतो तेव्हा गाडी उड्या मारायची, वर बसलेल्यांची डोकी आपटायची. ह्याच्या हाताखाली ती पाण्यावरून गेल्यासारखी जायची. चढाला इंजिन दमायच्या आधी ह्याला कळायचं. कानानं चालवायचा तो, आवाजावर. त्या दिवशी वाळूचा एक चढ होता, तिथं दोन गाड्या रुतल्या होत्या, हैबतीनं एका दमात वर काढली आणि मागं वळून हसला. हवालदारसाहेब म्हणाले होते, हा तुझ्यापेक्षा बरा आहे रे.

"साहेब म्हनलं? तुज्यापरास बरा?"

"व्हय. अन् खरंच व्हता."

"केवढी म्हनलास गाडी?"

"चौदा टन. तुमच्या वाड्यावरची सगळी जनावरं एका पारड्यात घातली तरी ती जड भरंल."

म्हातारीनं गाडी सोमनाथच्या हातात दिली. म्हणाली, मग ह्याला हितनं काढ आणि म्होरं बसव. सोमनाथ म्हणाला, डिंक पक्का झालाय, कापावं लागेल, रंग उडेल. ती म्हणाली, उडंना का, मला कुठं दिसतोय. संपत आत गेला आणि दाढीचं ब्लेड घेऊन आला. सोमनाथच्या हातात देताना त्यानं त्याच्याकडं पाहिलं नाही, पण दिलं.

तोवर कोंडाबाई भिंत धरून उठली होती. कुणाचा आधार न घेता उंबऱ्यापर्यंत गेली आणि अंगणाकडं तोंड करून एवढ्या मोठ्यानं हाक मारली की गोठ्यातल्या म्हशींनी माना वर केल्या.

"आगं ठकुबाय, ऐकलंस का? गाडी हैबती चालवत व्हता. चौदा टनाची. साहेब म्हनलं ह्यो समद्यांत बरा."

जी गोष्ट सोमनाथनं अकरा वर्षं दाबून धरली, पलटणीपासून लपवली, बढती घालवली, बाजारात कोबीमागं लपला, ती आता सगळ्या डोंगराला ऐकू जात होती. त्यानं ब्लेड लावलं, पण डोळ्यांत एवढं पाणी आलं होतं की हैबतीचा पाय कुठं संपतो आणि पत्रा कुठं सुरू होतो ते दिसेना. तो थांबला. बाहेर ठकुबाईनं शेणाचे हात तसेच कानामागं धरून विचारलं, कोण चालवत व्हतं म्हनलीस?

"माजा हैबती," म्हातारी ओरडून म्हणाली. "माजा हैबती, आगं."